टेबलावरचं स्टेरिंग आणि दस्तगीरचाचा

ते स्टेरिंग अजून माझ्याकडे आहे. दुकान कधीच बंद झालं, कॉम्प्युटर भंगारात गेले, झेरॉक्सचं मशीन शिरवळच्या कुणीतरी उचलून नेलं. पण स्टेरिंग माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेलं आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत वैशाली, म्हणजे माझी बायको, ते खाली काढते, ओल्या फडक्यानं पुसते आणि परत वर ठेवते. 'टाकून देऊ का?' असं ती विचारत नाही आणि मीही तो विषय काढत नाही. ते हातात घेतलं की दस्तगीरचाचा आठवतात, आणि मी त्यांच्याशी बरा वागलो की वाईट, या प्रश्नात मी पुन्हा तसाच अडकतो. इतकी वर्षं झाली, पण माझा गोंधळ काही मिटलेला नाही.

दस्तगीरचाचा भोरच्या एसटीत सत्तावीस वर्षं ड्रायव्हर होते. उंच, सडसडीत अंग, मेंदीनं लालसर झालेली दाढी, आणि शर्टाच्या खिशात घडी केलेला जुना पेपर. तो वाचायला नसायचा, काच पुसायला असायचा. गाडी कुणाचीही असो, चाचा बसण्याआधी तिची समोरची काच पेपरनं पुसणारच. रिटायर झाल्यावर ते एकदा आमच्या शेजाऱ्याच्या टेम्पोतून नसरापूरला चालले होते, तर त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवून आधी काच पुसली. इंजिन सुरू केल्यावर ते लगेच निघत नसत. उजवा तळहात स्टेरिंगवर ठेवून अर्धा मिनिट गप्प बसत. कुणी घाई केली तर म्हणत, "गाडी काय म्हंती ते आदी ऐकावं, मंग आपलं सांगावं."

आणि दुसरी सवय डबलची. एसटीत कंडक्टर दोरी ओढून एक घंटी देतो ती थांबायची आणि दोन देतो त्या निघायच्या. त्या दोन घंट्यांना चाचा 'डबल' म्हणत. डबल मिळाल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठत नसे. रिटायर झाल्यावर कंडक्टर गेला, घंटी गेली, पण डबल काही सुटली नाही. कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या, मगच चाचा निघायचे.

रिटायर झाल्यावर ते जीप चालवायला लागले, ती वैशालीमुळं. ती वेल्ह्याच्या पलीकडच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिच्यासह सात जणी भोरहून रोज तिकडं जायच्या. एसटीच्या वेळा जुळत नसत आणि वडापच्या जीपमधून माणसांवर माणसं बसवून जायला त्या कंटाळल्या होत्या. शेवटी त्यांनी मिळून एक जीप ठरवली आणि ड्रायव्हर म्हणून चाचांना गळ घातली. चाचांनी एकच अट घातली: सगळ्या बसल्या की शेवटी बसणाऱ्या बाईंनी पत्र्यावर डबल द्यायची. ती बहुतेक वेळा वैशालीच असे, कारण आमचं घर दुकानाच्या मागं, स्टँडच्या शेवटाला होतं.

नसरापूरवरून मार्गासनी, मग वेल्हं, आणि त्याच्या पुढं खिंड. रस्ता एका जीपपुरता, डाव्या हाताला खोल उतार. पावसाळ्यात तिथं धुकं असं बसायचं की बॉनेटसुद्धा दिसत नसे. एकदा अशाच धुक्यात चाचांनी मध्येच जीप थांबवली. समोर काही नव्हतं, म्हणजे काही दिसतच नव्हतं. बायकांनी विचारलं, काय झालं? चाचा म्हणाले, "हाताला मऊ लागतंय." खाली उतरून बघितलं तर पुढं चार पावलांवर रस्त्याची कड वीतभर खचली होती. त्या दिवशी वैशाली घरी आली ती पाणीसुद्धा न पिता हे सांगत सुटली. "डोळ्यांनी नाही रे, त्यांनी हातानं बघितलं!" असं तिनं मला चार वेळा तरी सांगितलं. तेव्हापासून त्या सात जणी चाचांच्या उजव्या हाताच्या भरवशावर निर्धास्त झाल्या. जीपमध्ये बसून वह्या तपासू लागल्या, काही तर झोपायलाही लागल्या.

आता स्टेरिंगकडं येतो. साल दोन हजार चारच्या आसपास माझं स्टँडजवळ इंटरनेट आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू असायचा. वैशालीचा भाऊ पुण्यात इंजिनिअर होता. परदेशी जाताना तो घरातलं सामान वाटत सुटला आणि माझ्या वाट्याला हे आलं. "दाजी, नुसतं फिरवायचं खेळणं नाही हे. आत मोटर आहे. गाडी खड्ड्यात गेली की खरा धक्का देतं. भोरमध्ये पोरं रांगा लावतील," असं म्हणून त्यानं ते टेबलाला स्क्रूनं आवळून दिलं आणि विमानात बसला.

रांगा काही लागल्या नाहीत. मला स्कूटरपलीकडं काही चालवता येत नव्हतं. मी वळवायला गेलो की ते उलटं ओढायचं, मी जोर लावला की एकदम सुटायचं, आणि पडद्यावरची गाडी गिरक्या घेत भिंतीवर. दोन दिवसांत माझं मनगट सुजलं. कॉलेजातली मुलं आली, त्यांनी ते घट्ट आवळून धरलं, घामाघूम झाली आणि 'हे बिघडलंय' असा शेरा मारून गेली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी त्यावर एक टॉवेल टाकून ठेवला.

चाचा एकदा लायसनची झेरॉक्स काढायला आले आणि त्यांनी तो टॉवेल उचलला.

"हे काय रं सुहास?"

"स्टेरिंग आहे चाचा. गेमचं."

"येवढंसं? पोळपाटावानी?" त्यांनी दोन बोटांनी ते डावीउजवीकडं हलवून बघितलं. "ह्याला प्ले, म्हंजी ढील, तर कायच न्हाई. कुनी बनवलंय?"

मी बटण चालू केलं. चालू झालं की ते स्टेरिंग आधी आपलं आपण पूर्ण डावीकडं फिरतं, मग पूर्ण उजवीकडं, मग मध्ये येऊन थांबतं. चाचांनी चटका बसल्यासारखा हात काढला आणि उभेच राहिले. मग वाकून त्यांनी टेबलाखाली बघितलं. "आत कोन हाय?" मला हसू आलं नाही, कारण पहिल्या दिवशी मीही टेबलाखाली बघितलं होतं.

त्यांना बसवलं. पडद्यावर लाल दिवे लागले, हिरवा लागला, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. चाचा आपले मांडीवर हात ठेवून बसलेले.

"चाचा, सुटली की शर्यत!"

"डबल कुटं दिलीस?"

मी पेननं टेबलावर दोनदा टकटक केलं. मग चाचांचा डावा हात खाली गेला आणि नसलेला गिअर शोधायला लागला. गिअरच्या पट्ट्या स्टेरिंगच्या मागं होत्या. पुढं कित्येक महिने त्यांचा डावा हात दर वेळी आधी खालीच जायचा, रिकामा परत यायचा आणि मग पट्टीकडं वळायचा. पहिल्याच वळणाला स्टेरिंगनं उलट ओढ घेतली. चाचांनी सवयीनं तळहात ढिला सोडला, कारण एसटीचं स्टेरिंग वळण संपलं की हातातून सरकत आपसूक सरळ होतं. हे मात्र चाळणीसारखं गदगदा हलायला लागलं. चाचांनी ब्रेक दाबला, तर त्यांची चाकांची खुर्चीच घरंगळत भिंतीला जाऊन टेकली.

"ब्रेक मारला की ड्रायव्हरच मागं जातोय!" ते म्हणाले. ते अजिबात चेष्टेनं बोलत नव्हते. खुर्चीवरून उठून ते बराच वेळ त्या यंत्राकडं बघत राहिले. "गाडी वळताना आदी बूड सांगतं, मंग पाय सांगतो, मंग हात. हितं बूड खुर्चीवर आन् हात डोंगरात. ह्येंचा मेळ कसा लागायचा?"

मला काय माहीत? मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते घरून लाकडी स्टूल घेऊन आले. पेडलखाली त्यांनी वीट लावली, आणि पेपरनं कॉम्प्युटरची काच पुसली.

पंधरा दिवसांत त्यांचा मेळ बसला. शाळेची फेरी आटोपली की दुपारी किंवा संध्याकाळी ते अर्धा तास यायचे. डोंगरातला एकच रस्ता चालवायचे. त्यातल्या वळणांना त्यांनी आपल्याकडची नावं दिली होती. हे आंबाड्याचं, हा नसरापूरचा फाटा, ही आपली खिंड. वेग चाळीसच्या वर नाही. मागून शर्यतीची गाडी आली की बाजू द्यायचे. एखादी डावीकडून घुसली की "कुटं कडमडतोय रं!" म्हणून पडद्याला झापायचे. दर वेळी नंबर शेवटचा. मी एकदा म्हटलं, जरा दाबा की चाचा. ते म्हणाले, "पयला येऊन करायचं काय? समदी पोचल्याशी मतलब."

गंमत म्हणजे कॉलेजातली तीच मुलं आता त्यांच्या मागं उभी राहून बघायला लागली. चाचा त्यांना सांगायचे, "वेसन धरल्यावानी धरू नगंस. आमटीनं भरलेलं ताट धरल्यावानी धर. ते वडतंय तिकडं थोडं जाऊ दे, मंग आन." मीही तसं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला न धडकता अख्खी फेरी पुरी केली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा मागवला.

त्या चहाचंच सांगतो. समोरच्या गाड्यावरचा चहा उकळता यायचा. आम्ही ग्लास रुमालात धरायचो आणि चाचा उजव्या मुठीत सरळ धरून बसायचे. मी दर वेळी म्हणायचो, "चाचा, तुमचा हात म्हणजे लोखंड आहे." ते दाढीतल्या दाढीत हसायचे. एका शनिवारी मी तेच बोललो आणि ते हसले नाहीत. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि तळहात माझ्यापुढं धरला. तो लालभडक झाला होता.

"लोखंडच झालाय रं. गरम कळत न्हाई. ही बोटं आन् हा तळवा. आदी मुंग्या यायच्या, आता त्या बी येत न्हाईत." दवाखान्यात जाऊन आले होते. डॉक्टरांनी सुया टोचून बघितल्या आणि सांगितलं, साखरेनं नसा मंदावल्यात, जाणीव थोडी कमी आहे. "थोडी म्हंजी किती? त्येला सांगता येईना. सुई येगळी आन् स्टेरिंग येगळं."

जीप चालवताना त्यांचा डावा हात गिअरवर असायचा. स्टेरिंगवर असायचा तो हा, उजवा. खिंडीतला खचलेला रस्ता यानंच बघितला होता.

मी म्हटलं, "चाचा, थोडे दिवस गाडी बंद ठेवा."

"आन् खरंच थोडंच कमी आसंल तर? हात आसताना किल्ली दिली तर म्या खुळा. घरात बसून भाजी निवडायची? मला दुसरं काय येतंय? आन् हात नसताना ठिवली तर..." वैशाली जीपमध्ये डब्याची पिशवी विसरली होती, ती द्यायला ते आले होते. ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिच्याकडंच बघत होते.

मग त्यांनी मला काम सांगितलं. स्टेरिंगबरोबरच्या सीडीतून पडद्यावर तपासणीची एक खिडकी उघडायची. तिथलं बटण दाबलं की स्टेरिंगला एक धक्का बसायचा, आणि शेजारच्या पट्टीवर त्या धक्क्याचा जोर शून्यापासून शंभरपर्यंत कमीजास्त करता यायचा. हे त्यांना मीच कधीतरी दाखवलं होतं. ते म्हणाले, "म्या डोळं मिटतो. तू धक्का दे. लागला की म्या सांगतो." मोटरचा आवाज यायचा म्हणून हेडफोनही त्यांनीच मागून घेतला. "कान चोरी करत्यात," म्हणाले. मी त्यात जुनी गाणी लावून दिली.

पहिल्या दिवशी आम्ही शंभरपासून खाली येत गेलो. चाळीसचा धक्का माझ्या हाताला आणि त्यांच्या डाव्या हाताला पाचपैकी पाच वेळा कळला. उजव्याला चार वेळा. चाचांनी तिथंच नियम करून टाकला: दर शनिवारी चाळीसवर पाच धक्के. तीन कळले तर जीप चालवायची. त्याच्या खाली गेलं तर त्याच दिवशी किल्ली द्यायची.

"आन् वैशालीबाईंना बोलायचं न्हाई," त्यांनी बजावलं. "एकीला कळलं की सातींना कळंल. भ्यालेलं प्याशिंजर घिऊन घाट उतरू न्हाई."

मी हो म्हणालो. आता विचार केला तर वाटतं, तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण समोर बसलेला माणूस स्वतःची परीक्षा घ्यायला स्वतःच आला होता. असा माणूस कुणाला धोका देईल का? मला तर त्यांचा अभिमानच वाटला होता. रोज सकाळी वैशाली जीपमध्ये बसायची, पत्र्यावर डबल द्यायची, आणि मी दारात उभा राहून मनात 'चार' म्हणायचो. पाचपैकी चार, म्हणजे ठीक आहे.

मग एका शनिवारी तीनच कळले. मी लगेच म्हटलं, व्होल्टेज कमी आहे चाचा, आज दिवेपण मंद आहेत. ते म्हणाले, "आसंल." खरंच व्होल्टेज कमी होतं का? होतं असं वाटतं. भोरमध्ये ते कधी पुरेसं असायचं? पुढच्या शनिवारी पुन्हा चार आले. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तीन. हात बिघडतोय की यंत्र, हे मला कळेना. मुलांनी सकाळभर खेळून मोटर तापवली की धक्का खरंच मंद व्हायचा. मी माझा हात ठेवून बघायचो, तर कधी जोराचा वाटायचा, कधी नाही. शेवटी शेवटी मला माझ्या हाताचीही खात्री वाटेना.

आणि मग तो शनिवार आला. चाचा जीप लावून आले, स्टुलावर बसले, हेडफोन घातला, डोळे मिटले, उजवा तळहात स्टेरिंगवर. मी त्यांच्या खांद्यावर बोटानं दोनदा टकटक केलं, म्हणजे डबल दिली. पहिला धक्का दिला. त्यांचा हात हलला, मी डोळ्यांनी बघितला. पण चाचा गप्प. दुसरा दिला. गप्प. मी थांबलो. माझं बोट बटणावर नव्हतं, स्टेरिंग जागच्या जागी होतं, आणि चाचा एकदम म्हणाले, "लागला!"

मी काहीच केलं नव्हतं. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या, इतकं ते मन लावून वाट बघत होते. हेडफोनमुळं त्यांचा आवाज मोठा झाला होता. "लागला न्हवं?" त्यांनी विचारलं.

मला ते बघवलं नाही. बाकी कारणं मी नंतर पुष्कळ शोधली, पण खरं कारण एवढंच. मी पट्टी धरली आणि शंभरवर नेली. धक्का दिला. "लागला!" पुन्हा दिला. "लागला!" तिसऱ्यांदा दिला तेव्हा ते हसायलाच लागले. "चांगला लागला की रं!"

हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "किती?"

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर उजव्या हातानं एक थाप मारली. ती इतकी जोरात होती की मी टेबलावर आपटलो. किती खूश झालेत, असं मला वाटलं.

दुपारी जेवताना वैशाली सांगत होती की सोमवारी पाऊस मोठा आहे म्हणे, पण आम्हाला काय, चाचा आहेत. सांगावं तर चाचांना दिलेला शब्द मोडतो, आणि मी काय केलं तेही सांगावं लागतं. न सांगावं तर? रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी जीप आली. वैशाली मागं चढली, दार ओढलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या. चाचांनी आरशातून मला हात केला. मी, तिचा नवरा, दारात उभा राहून ती जीप जाऊ दिली. या वाक्याला मी अजून घाबरतो.

त्या दिवशी माझ्या सगळ्या झेरॉक्स तिरक्या निघाल्या. फोन वाजला की मी मशीन तसंच सोडून धावायचो.

संध्याकाळी जीप परत आली. सगळ्या धड होत्या. वैशाली घरात गेली आणि चाचा सोमवार असूनही दुकानात आले. शर्ट भिजलेला होता. नेहमीच्या जागी बसून ते म्हणाले, "डावं चाक कडेवरनं खाली उतरलं, खिंडीत. मला पत्ताच न्हाई. बाई वरडल्या तवा कळलं. निम्मं चाक बाहीर व्हतं." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय अजिबात नव्हता, ते खरंच चक्रावले होते. "शनिवारी तीन लागलं आन् आज रस्त्याचा येक बी धक्का लागला न्हाई. आसं कसं व्हईल? यंत्रात काय तरी खोट हाय. बघू."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डावा हात स्टेरिंगवर ठेवला आणि उजव्या हातानं बटण स्वतःच दाबलं. पट्टी शंभरवरच होती. शनिवारनंतर मी त्या खिडकीकडं फिरकलोच नव्हतो. स्टेरिंगनं असा हिसडा दिला की टेबल हललं, पेनांचा डबा खाली पडला, आणि चाचांनी मनगट पोटाशी धरलं.

त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला. "शंभर." मग विचारलं, "शनिवारी किती व्हता?"

मुलांनी हात लावला असेल, असं मला म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"शेवटच्या तीनला शंभर," मी म्हणालो.

चाचा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खाली पडलेली पेनं एक एक करून डब्यात भरत होते. उजव्या हातातून एक पेन दोनदा निसटलं, तेव्हा त्यांनी ते डाव्यानं उचललं.

"सुहास," ते म्हणाले, "ड्रायव्हरला मागचं दिसत न्हाई. म्हातारी चडली का, कुनाचं पोर दारात हाय का, कायच दिसत न्हाई. डबल आली की निघायचं. सत्तावीस वर्सात येकाबी कंडक्टरनं मला खोटी डबल दिली न्हाई. तू दिलीस." मग म्हणाले, "आन् गाडीत तुजी बायकू व्हती रं. आसं कसं केलंस?"

मी रडायला लागलो. त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढून कीबोर्डवर ठेवली, स्टूल उचललं आणि ते गेले.

मी किल्ली वैशालीला दिली आणि सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. एकच म्हणाली, "सात जणी होतो आम्ही त्या गाडीत." पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

नंतर जीपवर उत्रोलीचा विकास नावाचा ड्रायव्हर आला. चांगला होता, पण घाईचा. चाचा दुकानाकडं फिरकले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, तर चाचींनी चहा दिला आणि ते घरात नाहीत म्हणून सांगितलं, पण आतून त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. पुढं ते मुलीकडं साताऱ्याला राहायला गेले आणि तिकडंच वारले. मला ते शेवटचे दिसले ते जाण्याच्या आदल्या सकाळी.

जीप दारात उभी होती. बायका बसत होत्या, मी वैशालीची पिशवी घेऊन बाहेर आलो होतो. चाचा स्टँडकडून मेथीच्या दोन जुड्या घेऊन येत होते. त्यांनी मला बघितलं आणि मान वळवली. तेवढ्यात विकासनं, वैशाली नीट बसायच्या आतच, गाडी गिअरमध्ये टाकली. चाचांनी डावा हात वर केला, जुड्यांसकट. विकास थांबला.

चाचा जीपच्या मागं गेले. वैशालीचा पदर दारात अडकला होता, तो त्यांनी आत सारला. दार ओढून कडी बघितली. खाली वाकून चाकांमागं बघितलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग त्यांनी उजव्या हातानं पत्र्यावर दोन थापा मारल्या. आवाज इतका मोठा झाला की आतल्या बायका दचकल्या आणि समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली. जीप निघाली.

चाचा तळहात डोळ्यांपुढं धरून बघत उभे होते. तो चांगलाच लाल झाला होता. जीप वळणाआड गेल्यावर ते माझ्याकडं वळले. दीड महिन्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलत होते.

"डबल वाजली का रं?" त्यांनी विचारलं.

"वाजली, चाचा," मी म्हणालो.